ह्यूम घराण्याच्या तीन पिढ्या

क्युपर्टिनोतून वाहणाऱ्या ज्या ओढ्याला आज स्टीव्हन्स क्रीक म्हणतात, त्याला १७७६ साली हुआन बाउतिस्ता दे आन्सा याच्या स्पॅनिश तांड्याबरोबर आलेल्या पेद्रो फॉन्ट नावाच्या पाद्र्याने कोपर्तिनोच्या संत जोसेफाचे नाव दिले होते. पुढे ओढ्याचे नाव पालटले, पण गावाने ते जपून ठेवले. त्याच्या पुढल्याच वर्षी येथून जवळ सांता क्लाराचे मिशन उभे राहिले, तेही स्पेनच्या राजसत्तेच्या आणि तिच्या शिपायांच्या आश्रयाने. रविवारी येथील मराठी शाळेत, याच मातीत जन्मलेल्या मुलांपुढे बाराखडी मांडताना, मला मात्र वारंवार दुसऱ्याच एका मिशनचे स्मरण होते. ते याच अमेरिकेतून आमच्या मुलखात गेले होते, आणि त्याला आरंभी तोफेची तर नाहीच, पण साध्या परवान्याचीही सोबत नव्हती.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांच्या परत रवानगीचा हुकूम काढला होता. अर्जविनंत्या करीत, दिवस मोजीत, ते टिकून राहिले, मराठी शिकले, शाळा काढू लागले. १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा निघाली, आणि १८२७ च्या अखेरीस तिच्यासाठी सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून आली. पतीची सहचारिणी म्हणून नव्हे, तर केवळ स्वतःच्या कामासाठी अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने समुद्रापार धाडलेली ही पहिलीच स्त्री. १८३९ मध्ये ती अहमदनगरास गेली आणि १८६२ मध्ये तेथेच तिचे देहावसान झाले. जोतीराव फुले आपल्या एका मित्रासह नगरास गेले असता त्यांनी तिच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. फरारबाईंच्या नावाने आपल्याकडे एखादा रस्ता तरी असावयास हवा होता, असे मला मनापासून वाटते.

ज्या वर्षी फरारबाई नगरास गेल्या त्याच १८३९ साली रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांची पत्नी हॅना हे दांपत्य मुंबईस आले. शाळांची देखरेख, पुस्तकांची छपाई आणि १८४२ मध्ये नगरास सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे संपादन या व्यापात रॉबर्ट विल्सन यांची प्रकृती खालावत गेली, आणि १८५४ मध्ये मायदेशी परतत असताना केप ऑफ गुड होपच्या आसपास, भर समुद्रात, त्यांना मृत्यू आला. मुंबईत जन्मलेली लहान मुले पदराखाली घेऊन उरलेला प्रवास हॅनाबाईंनी एकटीने पुरा केला. ज्या देशाला आई ‘घर’ म्हणत होती, तो त्या मुलांच्या दृष्टीने सर्वस्वी परका मुलूख होता. आजोळच्या गावाला परकेपणाने न्याहाळणाऱ्या आमच्या मुलांकडे पाहताना, त्या जहाजावरील मुलांची मनःस्थिती मला अगदी जवळची वाटते.

नवऱ्याचा बळी घेतलेल्या देशाचे नाव हॅनाबाईंनी पुन्हा काढले नसते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. प्रत्यक्षात त्यांचे दोन्ही पुत्र त्याच देशी परतले: थोरले रॉबर्ट ॲलन १८७४ मध्ये नगरास, धाकटे एडवर्ड सॅकेट पुढल्या वर्षी मुंबईस. एडवर्ड आणि त्यांच्या पत्नी शार्लट यांनी भायखळ्याची शाळा वाढविली. रॉबर्ट ॲलन यांनी १८७८ मध्ये नगरास देशी धर्मोपदेशकांसाठी विद्यालय स्थापिले. त्यांची पहिली पत्नी ॲबी ही एबनेझर बर्जेस यांची कन्या. हे बर्जेस म्हणजे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये प्रसिद्ध करणारे मिशनरी. धर्म शिकवावयास गेलेला मनुष्य त्या भूमीचे ज्योतिष शिकून परततो, हा योग मला फार मोलाचा वाटतो.

रॉबर्ट ॲलन यांच्याविषयी माझा आदर विशेष आहे, तो एका प्रसंगामुळे. ख्रिस्ताचे नावही कानी न पडता जे मरण पावले त्यांना मृत्यूनंतर तरी तारणाची संधी मिळू शकेल, अशी आशा त्यांनी १८८६ मध्ये सुटीवर अमेरिकेत असताना बोलून दाखविली, आणि त्यावरून त्यांना हिंदुस्थानात परत धाडावे की नाही यावर मोठा वाद माजला. अखेर ते परतले. ज्यांच्या शेजारी आपले बालपण गेले, ज्यांच्या चुलीपाशी आपण भाषा शिकलो, त्यांचे वाडवडील सरसकट नरकात गेले असे मानणे या माणसाच्या अंतःकरणाला शक्यच नव्हते, असे मी समजतो. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात त्यांनी नगर भागात अन्नवस्त्राची जी तजवीज केली तिच्याबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

मिशनच्या या शाळांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि तो त्यांनी कधी दडविला नाही. पण अक्षर एकदा हाती आले की ते देणाऱ्याच्या हुकमतीत राहत नाही. शिकणाऱ्यांपैकी थोड्यांनी धर्म घेतला, पुष्कळांनी केवळ विद्या घेतली, आणि जोतीरावांसारख्याने तर नुसती शाळा पाहून तीतून असा अर्थ काढला की त्याने आमच्या समाजाचा पायाच हलला. धर्मांतरामुळे घराघरांत झालेली ताटातूटही मी विसरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्या कोणासही ती विसरता येणार नाही.

तिसरी पिढी आणखी दूरवर पांगली. रॉबर्ट ॲलन यांचा नगरास जन्मलेला पुत्र एडवर्ड हिक्स ह्यूम वैद्य होऊन १९०५ मध्ये चीनच्या चांगशा शहरी गेला आणि तेथे त्याने रुग्णालय उभारले. एडवर्ड सॅकेट यांचा मुंबईत जन्मलेला पुत्र रॉबर्ट अर्नेस्ट याने तेरा प्रमुख उपनिषदांचे केलेले इंग्रजी भाषांतर १९२१ मध्ये ऑक्सफर्डहून निघाले. आमच्या शाळेतील एका मुलीने, बाराखडीच्या तासानंतर, हा गृहस्थ मराठी होता का असे मला विचारले. तो भायखळ्याचा होता, एवढेच मी तिला सांगितले.

रॉबर्ट ॲलन १९२९ मध्ये अमेरिकेत वारले. भायखळ्याच्या शाळेने ह्यूम हे नाव अजून धारण केले आहे. केपजवळच्या पाण्यावर मात्र कसलीही खूण नाही.