मनातल्या मनात हिशेब

मुलांनो, सात अठ्ठे किती? प्रश्न वाचताच तुमच्या मनात ५६ हे उत्तर आले असेल. त्यासाठी तुम्ही आठ ही संख्या सात वेळा मिळवत बसला नाहीत. उत्तर तुमच्या स्मरणात तयारच होते. उर्दूत आपण ज्यांना पहाडे म्हणतो, त्यांनाच मराठीत पाढे म्हणतात. पाढे पाठ असले, की गुणाकार करावा लागत नाही. तो नुसता आठवावा लागतो. पूर्वी महाराष्ट्रातील शाळांत पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढेही पाठ करून घेत.

सगळी उत्तरे मात्र सारख्याच वेगाने आठवत नाहीत. लहान संख्यांचे गुणाकार आणि पाचाचा पाढा चटकन आठवतो. सात, आठ, नऊ यांच्या पाढ्यांत आपण अडखळतो. मग ५६ ऐवजी शेजारचे ४८ किंवा ६३ तोंडातून निघून जाते. अशी शंका आली, तर संख्या फोडावी. सात चोक अठ्ठावीस. त्याची दुप्पट छप्पन्न. उत्तराची खात्री पटते.

मोठ्या संख्याही अशाच फोडता येतात. १४ रुपयांच्या ६ वह्या घ्यायच्या आहेत. दहा सक साठ, चार सक चोवीस. मिळून ८४ रुपये. एक वही १९ रुपयांची असेल, तर ती २० रुपयांची समजा. ४ वह्यांचे ८० रुपये होतात. त्यांतून ४ रुपये वजा केले, की ७६ उरतात.

आता भागाकार पाहू. ५६ पेन्सिली ८ मुलांत सारख्या वाटायच्या आहेत. आपण मनाला विचारतो, 'आठाला कितीने गुणले म्हणजे छप्पन्न होतील?' उत्तर येते, सात. म्हणजे भागाकार हा उलट्या बाजूने आठवलेला गुणाकारच होय. ज्याचे पाढे कच्चे, त्याचा भागाकारही कच्चा! चाराने भागायचे असेल, तर आणखी एक सोपी रीत आहे. संख्या दोनदा निम्मी करा. ९६ चे निम्मे ४८ आणि ४८ चे निम्मे २४.

माणूस ज्या भाषेत पाढे शिकतो, बहुधा त्याच भाषेत मनातला हिशेब करतो. तुम्ही तो उर्दूत करत असाल, तर खुशाल करा. पण मराठी संख्यांची नावेही ओळखीची असू द्या. तुमचे 'छिहत्तर' म्हणजे मराठीतले 'शहात्तर'. त्या चार वह्यांचे दुकानदाराने 'एकोणऐंशी' रुपये सांगितले, तर तुम्हांला तिथल्या तिथे म्हणता आले पाहिजे, "काका, तीन रुपये जास्त होतात. पुन्हा एकदा हिशेब करा ना!"