दुखायचा थांबलेला दात : रूट कॅनाल उपचाराविषयी थोडेसे

दिवसभर कामाच्या रगाड्यात कशीबशी सोसलेली दाताची ठणक रात्री अंथरुणाला पाठ टेकताच असह्य होते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. इ. स. २४९ मध्ये अलेक्झांड्रिया येथील छळात जिचे दात पाडण्यात आले, त्या संत अपोलोनियाला ख्रिस्तसभेत दातदुखीने त्रस्त झालेल्यांची आश्रयदाती मानतात. तिचा धावा अवश्य करावा. मात्र दंतवैद्याकडे जाणे टाळू नये.

येथे आमची एक चूक प्रांजळपणे सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमची एक दाढ आठवडाभर ठणकत होती. लवंगेचे तेल लावून आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन आम्ही दिवस ढकलले. एके सकाळी दुखणे आपोआप थांबले आणि दाढ बरी झाली असे मानून आम्ही निश्चिंत झालो. महिनाभरात गाल सुजला, तेव्हा डॉक्टरांकडून समजले की दाढ बरी झाली नव्हती, तर आतून मेली होती.

हे कसे घडते? दाताच्या टणक कवचाखाली दंतिन नावाचा थर असतो आणि त्याच्याही आत, पोकळीत, रक्तवाहिन्या व नसा असलेला मऊ गर असतो. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात किडत जातो व जंतू गरापर्यंत पोहोचतात. गर सुजतो, पण सभोवतालच्या कठीण भिंतींमुळे त्याला पसरायला जागा मिळत नाही. म्हणून ती जीवघेणी कळ. गर मेला की कळ थांबते; जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तेथे पू साठतो. मेलेल्या गरात रक्तप्रवाह उरत नसल्याने पोटात घेतलेले प्रतिजैविक औषध तेथे पोहोचू शकत नाही. त्यामुळे केवळ गोळ्यांनी हा आजार मुळापासून जात नाही.

१९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने जंतूंची ही भूमिका स्पष्ट केली. उंदरांच्या दातांतील गर मुद्दाम उघडा करण्यात आला. सामान्य उंदरांमध्ये तो सडला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मात्र तो भरून आला.

उपचाराचे सूत्र यातूनच निघते : जंतूंना बाहेर काढा व त्यांची परतीची वाट बंद करा. प्रथम क्ष-किरण चित्र काढतात. मग इंजेक्शनने जागा बधिर करून दाताला वरून छिद्र पाडतात. बारीक कानशींनी मुळांतील नलिका साफ करतात व जंतुनाशक द्रावणाने त्या धुतात. पुढच्या दाताला बहुधा एक नलिका असते, दाढेला तीन किंवा चार. स्वच्छ झालेल्या नलिका गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या पदार्थाने भरून बंद करतात. पुष्कळ भाग कोरला गेल्याने दाढ कमकुवत होते. म्हणून तिच्यावर टोपी, म्हणजेच कॅप, बसवणे हा सहसा उपचाराचाच भाग असतो. खर्चाच्या भीतीने ती टाळली आणि पुढे दाढ दुभंगली, तर सारे श्रम वाया जातात.

‘त्यापेक्षा दात काढून टाकलेला बरा’, असे पुष्कळ जण म्हणतात. मूळच चिरलेले असेल तर तो मार्ग योग्यच आहे. परंतु एक दाढ गेली की शेजारचे दात रिकाम्या जागेकडे झुकू लागतात आणि तेथील हाड हळूहळू झिजते. वाचवता येण्याजोगा दात वाचवणे, हेच अधिक शहाणपणाचे.

वाचकहो, एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरली, ताप आला, तोंड उघडणे, गिळणे अथवा श्वास घेणे कठीण झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला इस्पितळात न्यावे. अशा वेळी प्राण जाऊ शकतो. मधुमेह्यांनी तर अधिकच दक्ष असावे. सुजलेल्या गालावर शेक देणे किंवा हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरणे हे उपाय करू नयेत. गोळीने हिरडी भाजते.

आमची ती दाढ उपचारानंतर आजही घास चावते आहे. दुखायचा थांबलेला दात बरा झालेला असतोच असे नाही, एवढे जरी वाचकांच्या ध्यानी राहिले, तरी हा लेखनप्रपंच सार्थकी लागला असे आम्ही समजू.