घरात शिरलेला कारखाना

मराठीतला ‘हत्यार’ हा शब्द मोठा मजेदार आहे. तलवार हे हत्यार, आणि सुताराचा रंधा हेही हत्यारच. मारणारे कोणते आणि घडवणारे कोणते, हा भेद आपल्या भाषेने कधी केलाच नाही. खंडेनवमीला सरदाराच्या वाड्यात खांडे पुजले जाई, त्याच दिवशी सुताराच्या पडवीत करवत, पटाशी, वाकस आणि सामता ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू लागे. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना अर्थविस्तार समजावून सांगते आणि पुढे सरकते. यंदा मात्र वाटू लागले आहे, की भेद न करणारी ती माणसे चांगलीच अनुभवी असली पाहिजेत.

कारण घडले ते नया नगरात. मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून हैदरी चौकाच्या दिशेने चालू लागा. सणासुदीच्या आधीच्या दिवसांत एक आवाज तुमची पाठ सोडत नाही. कुठल्या तरी तिसऱ्या मजल्यावर प्लाय कापले जात असते, समोरच्या इमारतीत फरशी, आणि मधूनच फट्‌ फट्‌ असे फटाक्यासारखे काही वाजते. इथल्या बऱ्याच इमारती ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या. घरे हातोहात बदलतात. खोल्या वाढवता येत नाहीत म्हणून लोक कपाटे वाढवतात. माझ्या एका सहकारी बाईंनी तिथे जुनी जागा घेतली आणि दिवाळीच्या आत फर्निचर व्हायलाच हवे असा हट्ट धरला. ते पाहायला म्हणून मी गेले होते. पूर्वी कपाट सुताराच्या दुकानातून घरी येत असे. आता सुताराचे अख्खे दुकानच घरी येते, आणि ज्या दहा-बाय-पंधराच्या हॉलमध्ये पुढे पाहुणे बसायचे तिथेच कापणे, ठोकणे, घासणे आणि मिस्त्रीलोकांचे जेवण, सगळे चालते.

त्या हॉलमध्ये ज्या यंत्राने प्लाय कापले जात होते ते मुळात लाकडासाठी नव्हतेच. चार इंची हँड ग्राइंडर. लोखंड घासायला, वेल्डिंगचे काठ साफ करायला केलेला. त्याची घासायची चकती काढून दातांचे पाते बसवले होते आणि पाते झाकणारा लोखंडी गार्ड कोपऱ्यात भुशात पडला होता. हे दृश्य तुम्ही कोणत्याही कॉलनीत पाहू शकता. अशा यंत्राचे चाक मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. माझे गणित बेताचेच. तरी हिशोब करून पाहिला. चार इंची पात्याचा दात ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. विरारची लोकल कितीही पिटाळली तरी तिचा वेग याच्या निम्म्याच्या आसपासच राहील. प्लायच्या फटीत पाते जरासे आवळले गेले, की हा सगळा वेग उलटा फिरून यंत्रच हातातून उसळी घेते, आणि ते उसळते त्या वाटेवर बहुधा धरणाऱ्याचा दुसरा हात, मांडी किंवा गळा असतो. दातांचे पाते ग्राइंडरला लावू नका, असे यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलेच असते. पुस्तिका खोक्यात राहते आणि खोके रद्दीत जाते.

मी मिस्त्रींना गार्डबद्दल विचारले. मनुष्य चांगला, पन्नाशीचा, वीस-बावीस वर्षे याच कामात. ते हसून म्हणाले, “गार्ड लगाया तो लाइन नहीं दिखती, मॅडम.” त्यांच्या डाव्या तर्जनीचे पुढचे पेर नव्हते. ते कसे गेले हे त्यांनी फार रंगवून सांगितले नाही. एका घरी गृहप्रवेशाचा मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा होता, रात्री अकरानंतर दिवा अपुरा होता, इतकेच. पुढचे चार महिने काम नाही; गावाकडे पैसे नाहीत. घरमालकाने पहिल्या दिवशीचे डॉक्टरचे बिल दिले आणि उरलेले कपाट दुसऱ्या मिस्त्रीकडून पुरे करून घेतले.

मला हे ऐकून त्या रेषेपेक्षा त्या मुहूर्ताचाच जास्त राग आला. मिस्त्री बेफिकीर असतात, असे आपण सोयीने म्हणून टाकतो. पण चौरस फुटांवर पैसे ठरवतो आपण, ‘दिवाळीच्या आत’ची अट घालतो आपण, आणि गार्ड नसलेले यंत्र भाड्याने स्वस्त मिळते हेही आपल्याच पथ्यावर पडते. लाकडासाठी वेगळी गोल करवत मिळते. तिला खाली बूड असते, पाते आपोआप झाकणारा गार्ड असतो, आणि पाते पुढच्या रेषेवर चालते आहे की नाही हेही दिसते. ठेका ठरवतानाच “लाकडाची करवत आणणार असाल तरच,” असे म्हणायला आपली जीभ का अडखळावी?

आता त्या फट्‌ फट्‌ आवाजाकडे वळू. ती खिळे मारायची गन. कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेने आतला दट्ट्या खाली येतो आणि बारीक खिळा निमिषात प्लायमध्ये गडप होतो. हातोडीने ज्याला सकाळ लागे ते काम अर्ध्या तासात. त्यामुळे ती सगळ्यांना खेळण्यासारखी वाटते. घरातल्या मुलांना तर फारच. अमेरिकेत २००१ ते २००५ या वर्षांत अशा गनांमुळे जखमी होऊन दरवर्षी सरासरी ३७,००० माणसे इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत गेली, आणि त्यांतली सुमारे चाळीस टक्के कामगार नव्हती. हौसेने गन हाती धरणारी घरची माणसे होती.

यातली मेख घोड्यात आहे. चांगल्या गनच्या तोंडाला स्प्रिंगचे टोक असते. ते लाकडावर दाबले गेल्याशिवाय घोडा ओढला तरी खिळा सुटत नाही. पण काही गनांत घोडा दाबूनच ठेवायचा आणि टोक टेकवत जायचे, दर टेकण्याला एक खिळा, अशी सोय असते. काम झरझर होते, पण अशा गनला लाकूड आणि गुडघा यांतला फरक कळत नाही. गनला मागे धक्का बसतो, ती उसळून पुन्हा टेकते आणि कोणी न मागता दुसरा खिळा सुटतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक खिळ्याला आधी टोक, मग घोडा, असा क्रम पाळावाच लागतो. पहिल्या प्रकारात अपघाताचा धोका जवळजवळ दुप्पट, आणि वेळेची बचत जेमतेम दहा टक्के, असे तिकडच्या सुतारांची पाहणी करणाऱ्यांना आढळले. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या अमेरिकेतल्या दोन सरकारी संस्थांनी २०११ साली काढलेल्या पुस्तिकेतही क्रमाचा घोडाच वापरा, असे सांगितले आहे. आपल्याकडच्या काही स्वस्त गनांना ते टोक नसतेच. काहींचे तारेने बांधून ठेवलेले असते. तार दिसली तर काम तिथेच थांबवावे.

लाकूड धरणारा हात खिळ्याच्या जागेपासून हातभर नाही तरी निदान बारा इंच दूर हवा. खिळा गाठीला लागला की वाकून बाजूने बाहेर येतो. प्लायच्या पलीकडे पोकळी असेल तर तो आरपार जातो. म्हणून भिंतीआड किंवा दाराआड कोणी उभे राहू नये. खिळा अडकला तर तो काढण्याआधी हवेची नळी सोडवावी. मिस्त्री शिडीवर चढताना बोट घोड्यावर ठेवून चढतात, ते पाहून माझ्या पोटात गोळा आला.

विजेचे एक निराळेच पुराण आहे. प्लग तुटलेला, म्हणून वायरीची दोन उघडी टोके सॉकेटमध्ये खुपसून वर आगकाड्या ठोकलेल्या! जुन्या इमारतीत अर्थिंग आहे की नाही हे कोणालाच माहीत नसते. काम सुरू व्हायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्यावा. तीस मिलिअँपिअर म्हणजे साठ वॅटच्या जुन्या दिव्यात वाहणाऱ्या प्रवाहाचा सुमारे नववा हिस्सा. एवढी वीज जरी भलत्या वाटेने, म्हणजे माणसातून, जाऊ लागली तरी तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचे ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आणि वीज गेली तर यंत्राचा प्लग काढायला लावावा. बटण चालूच राहिलेले असते; वीज येते तेव्हा जमिनीवर पडलेला ग्राइंडर आपणहून फिरू लागतो.

कोणी म्हणेल, यासाठी कायदे नाहीत काय? होते आणि आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आडोसा घालण्याची सक्ती केली. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा आला, पण दहापेक्षा कमी मजूर असतील, किंवा स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम असेल, तर तो लागू नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्हींच्या जागी नवी संहिता अमलात आली. तिच्यात दहा मजुरांची अट तशीच राहिली आणि राहत्या घराची मर्यादा पन्नास लाखांवर गेली. नया नगरातल्या त्या हॉलमध्ये तीन माणसे काम करीत होती. म्हणजे कायदा जिना चढून वर येत नाही. त्या कारखान्याची इन्स्पेक्टर म्हणजे चहा घेऊन येणारी घरातली बाई, आणि तिला आपली नेमणूक झाल्याचे कोणी कळवलेलेच नसते.

माझ्या सहकारी बाईंनी मात्र ती नेमणूक उचलली. त्यांनी तीन चष्मे, तीन मास्क आणि कानांत घालायची बोंडे स्वतः विकत आणली. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत १९९५ पासून मोडते, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून साधा रुमाल चालणार नाही असे त्यांनी बजावले. शिवाय ग्राइंडर परत पाठवून करवतीचे भाडे दिले आणि अंधार पडल्यावर कापाकापी बंद. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी चष्मा कपाळावर चढवला, दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर. तारीख आठ दिवसांनी पुढे गेली, ती दिवाळीच्याही पलीकडे. पाहुण्यांना प्लायच्या चळतीवर बसवून फराळ द्यायचे ठरले आहे.

एवढे करूनही अपघात झालाच, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असावे. रुतलेला खिळा उपटू नये. तो आतून रक्त अडवून असतो. डोळ्यात काही घुसले तर चोळू नये, ओढू नये. वर कागदी पेला उपडा धरून न्यावे. वाहत्या जखमेवर हळद, कॉफीची पूड, चुना यांतले काहीही न दडपता स्वच्छ कापड दाबून धरावे आणि हात वर ठेवावा. बोट तुटले तर ते शोधावे, यात किळस मानू नये. जपानात १९६५ साली पूर्ण तुटलेला अंगठा शस्त्रवैद्यांनी पुन्हा जोडला, आणि आज मुंबईतही अशा शस्त्रक्रिया होतात. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फाला बोट थेट लावू नये, फ्रीजरमध्ये तर नाहीच. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, बोट जोडणारे शल्यचिकित्सक कोणत्या इस्पितळात आहेत ते निघण्याआधी फोनवर विचारावे, आणि पिशवी जखमी माणसाबरोबर त्याच गाडीत द्यावी.