पाइप पेलते ती बाजूची माती

रस्त्याखालून पावसाचं पाणी नेणारा प्लास्टिकचा पाइप एकट्याच्या ताकदीवर टिकत नाही, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो! वरून भार आला की तो किंचित चपटा होतो, कुशी फुगतात आणि बाजूची माती त्यांना रेटून धरते. असा लवचिक पाइप किती चपटा होईल, याचं सूत्रच अमेरिकेतल्या आयोवात अभियंते स्पँगलर यांनी १९४१ मध्ये मांडलं.

खरी मेख पाइपाच्या पोटाखालच्या दोन्ही बगलांत. तिथे वाळू किंवा बारीक खडी नीट ठासली नाही, तर पोकळी राहते. पुढे सांधा उघडला की माती आत वाहून जाते आणि वरचा रस्ता खचतो. आपली काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते; ती भरावाला नकोच.

गल्लीत चर खणलाय? बुजवताना डोकावून बघा, थराथराने धुम्मस मारतायत ना?