पीई आठ म्हणजे स्वस्त? सिमेंटच्या शेअरसाठी दहा वर्षांचा हिशोब असा मांडा

कोरपना तालुक्यात शेअर बाजाराचा विषय निघाला की गाडी फिरून सिमेंटवर येतेच. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, नारंडा, जिकडे पाहाल तिकडे चिमणी दिसते. घराघरात कोणी ना कोणी कारखान्यात असतो, नाहीतर कारखान्याच्या ट्रकवर. त्यामुळे ‘हा धंदा आपल्याला कळतो’ असं इथे प्रत्येकालाच वाटतं.

२०२४ च्या उन्हाळ्यात माझे मामा निवृत्तीचे पैसे हातात घेऊन बसले होते. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. एका सिमेंट कंपनीचा शेअर, खाली लिहिलेलं : पीई ८.

“पाह्य, बाकीचे शेअर तीस-चाळीस पीईवर चालून राहिले अन् हा आठवर. स्वस्तच आहे ना? अर्धे पैसे टाकून देतो.”

मी म्हटलं, “मामाजी, आठवडाभर थांबा. आपण एक हिशोब मांडून पाहू.”

तोच हिशोब आज तुमच्यासमोर मांडतोय. लागतो फक्त मोबाइल, गूगल शीट्स आणि अर्धा तास.

पीई नेमका काय सांगतो?

शेअरचा भाव भागिले एका शेअरमागे वर्षभरात झालेला नफा, म्हणजेच ईपीएस. भाव ४८० रुपये आणि ईपीएस ६० रुपये असेल तर पीई ८. सोप्या भाषेत, नफा असाच राहिला तर आठ वर्षांत तुमच्या किमतीएवढा नफा कंपनी कमावेल.

सगळी गोम ‘असाच राहिला तर’ या शब्दांत आहे. पीईमध्ये भाव आजचा असतो, पण नफा फक्त एका वर्षाचा. ते वर्ष फारच चांगलं गेलेलं असेल तर नफा फुगलेला दिसतो आणि पीई लहान दिसतो. शेअर स्वस्त झालेला नसतो, फक्त भागाकाराचा खालचा आकडा मोठा झालेला असतो.

मामांना हे शेतीच्या भाषेत लगेच कळलं, कारण त्यांचा हात एकदा भाजला होता. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. तो भाव डोळ्यासमोर ठेवून त्यांनी शेजारचं पाच एकर वावर चढ्या दराने ठेक्यानं घेतलं. पुढच्या हंगामात जुलैमध्ये अतिवृष्टी झाली, नंतर भावही उतरला. ठेक्याची रक्कम मात्र ठरली तेवढीच द्यावी लागली. वावर तेच होतं, जमीन तीच काळी होती. चुकलं एवढंच की एका वर्षाच्या कमाईवरून त्यांनी त्या वावराची किंमत ठरवली.

सिमेंटमध्ये ही चूक जास्त का होते?

सिमेंटचा धंदा तेजी-मंदीच्या चक्रावर चालतो. भट्टी उभारायला प्रचंड पैसा लागतो आणि ती अर्ध्या क्षमतेने चालवली तरी बराचसा खर्च तेवढाच राहतो. त्यामुळे भाव थोडा वाढला की नफा उडी मारतो आणि भाव थोडा पडला की नफा कोसळतो. त्यात कोळसा आणि पेटकोकचे दर जागतिक बाजारावर हलतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर इंधन महागलं तेव्हा सिमेंट कंपन्यांच्या नफ्याला चांगलाच फटका बसला. शिवाय तेजीच्या काळात सगळ्याच कंपन्या नव्या भट्ट्या टाकतात. त्या एकदम सुरू झाल्या की बाजारात माल जास्त होतो आणि पुन्हा भाव पडतो.

म्हणून चक्रावर चालणाऱ्या धंद्यात पीई अनेकदा उलटं बोलतो. नफा शिखरावर असताना पीई सर्वात लहान दिसतो, आणि नफा तळाला असताना सर्वात मोठा.

यावरचा उपाय जुना आहे

बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ सालच्या ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ या पुस्तकातच सांगून ठेवलं होतं की एका वर्षाचा नफा धरू नका, पाच, सात किंवा दहा वर्षांची सरासरी पाहा. पुढे १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी ही कल्पना अमेरिकी बाजारावर तपासली. जुने नफे त्यांनी महागाईनुसार आजच्या किमतीत आणले, मग सरासरी काढली आणि भावाला त्या सरासरीने भागलं. या गुणोत्तराला आज ‘केप’ किंवा ‘शिलर पीई’ म्हणतात. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा फायदा कळायला २००९ चा मार्च आठवा. अमेरिकेत कंपन्यांचे नफे इतके कोसळले होते की एस अँड पी ५०० निर्देशांकाचा साधा पीई शंभराच्या वर गेला होता. पीईकडे पाहणाऱ्याला बाजार भयंकर महाग दिसत होता. केप त्याच वेळी १३ च्या आसपास होतं, म्हणजे त्याच्या दीर्घकालीन सरासरीपेक्षा खाली. नंतरच्या वर्षांत बाजार जोरात वर गेला.

आता आपला तक्ता

खालचा ईपीएस एका काल्पनिक सिमेंट कंपनीचा आहे. निर्देशांक मात्र खरा आहे : भारताचा ग्राहक किंमत निर्देशांक, आधारवर्ष २०१२, त्या त्या आर्थिक वर्षाची सरासरी, जवळच्या पूर्णांकात.

२०१४-१५ : ईपीएस १२, निर्देशांक ११९, २०२३-२४ च्या रुपयांत १८.६
२०१५-१६ : ईपीएस ८, निर्देशांक १२५, आजचे ११.८
२०१६-१७ : ईपीएस १५, निर्देशांक १३०, आजचे २१.२
२०१७-१८ : ईपीएस २०, निर्देशांक १३५, आजचे २७.३
२०१८-१९ : ईपीएस १०, निर्देशांक १४०, आजचे १३.१
२०१९-२० : ईपीएस १८, निर्देशांक १४६, आजचे २२.७
२०२०-२१ : ईपीएस २८, निर्देशांक १५५, आजचे ३३.२
२०२१-२२ : ईपीएस ३२, निर्देशांक १६४, आजचे ३५.९
२०२२-२३ : ईपीएस १४, निर्देशांक १७५, आजचे १४.७
२०२३-२४ : ईपीएस ६०, निर्देशांक १८४, आजचे ६०

शेवटचा आकडा काढायची रीत एकच आहे : जुना ईपीएस गुणिले १८४, भागिले त्या वर्षाचा निर्देशांक. उदाहरणार्थ, १२ × १८४ ÷ ११९ = १८.६. म्हणजे २०१४-१५ मधले १२ रुपये २०२३-२४ मधल्या साडेअठरा रुपयांच्या तोलाचे होते.

गूगल शीट्समध्ये पहिल्या कॉलममध्ये वर्ष, दुसऱ्यात ईपीएस, तिसऱ्यात निर्देशांक आणि चौथ्यात हे सूत्र टाका. १८४ वाला सेल डॉलरचं चिन्ह लावून पक्का करायला विसरू नका. नाहीतर सूत्र खाली ओढताना तोही खाली सरकतो आणि सगळे आकडे चुकतात. माझं पहिल्यांदा हेच झालं होतं.

चौथ्या कॉलमची बेरीज २५८.५, दहाने भागून सरासरी सुमारे २५.९ रुपये. आता भाव ४८० भागिले २५.९, उत्तर साडेअठरा.

म्हणजे मोबाइलवर ८ दिसणारा पीई दहा वर्षांच्या हिशोबात साडेअठरा निघाला. टक्क्यांत सांगायचं तर ४८० रुपयांवर ६० रुपये ही साडेबारा टक्के कमाई वाटते. सरासरी वर्षाच्या मानाने ती साडेपाच टक्क्यांपेक्षाही थोडी कमीच आहे.

महागाई धरलीच नाही तर? साधी सरासरी २१.७ रुपये येते आणि गुणोत्तर २२. तेव्हा शेअर आहे त्यापेक्षा महाग वाटेल, कारण जुने रुपये आजच्या रुपयांएवढेच धरले गेले. म्हणून हा कॉलम गाळू नका.

आता एक वर्ष मागे जा. २०२२-२३ मध्ये ईपीएस १४ होता. समजा तेव्हा भाव २५० होता. पीई निघतो १८, मामांच्या भाषेत ‘महाग’. पण तोपर्यंतच्या नऊ वर्षांची सरासरी त्या वर्षीच्या रुपयांत सुमारे २१ येते. २५० भागिले २१, म्हणजे १२. पीई ‘महाग’ म्हणत होता तेव्हा शेअर खरंतर स्वस्त होता, आणि पीई ‘स्वस्त’ म्हणायला लागला तेव्हा तो महाग झाला होता.

एका कंपनीला लावताना सांभाळायच्या गोष्टी

केप मुळात संपूर्ण बाजारासाठी बनलं आहे. एकट्या कंपनीत दहा वर्षांत बरंच काही बदलतं. आपल्याच तालुक्याचं पाहा.

१. कंपनीच बदलते. आवारपूरचा कारखाना मूळचा एल अँड टीचा, २००४ मध्ये तो अल्ट्राटेककडे गेला. गडचांदूरचा माणिकगड कारखाना सेंच्युरीचा होता. २०१९ मध्ये सेंच्युरीचा सिमेंट व्यवसाय अल्ट्राटेकमध्ये विलीन झाला आणि सेंच्युरीच्या दर आठ शेअरमागे अल्ट्राटेकचा एक शेअर मिळाला. अशा वेळी कंपनीचा एकूण नफा घेऊन सरासरी काढली तर फसगत होते, कारण कारखान्यांबरोबर शेअरची संख्याही वाढलेली असते. नेहमी प्रति शेअर नफाच घ्या, आणि तो बोनस व विभाजन धरून सुधारलेला असू द्या.

२. वर्ष बारा महिन्यांचंच आहे का ते पाहा. उपरवाहीचा मराठा सिमेंट कारखाना अंबुजाचा. अंबुजाचं आर्थिक वर्ष आधी डिसेंबरला संपायचं. ते मार्चवर आणताना एक ‘वर्ष’ जानेवारी २०२२ ते मार्च २०२३ असं पंधरा महिन्यांचं झालं. तो ईपीएस तसाच टाकला तर तक्त्यात एक वर्ष उगाच चांगलं दिसेल. १५ ने भागून १२ ने गुणा.

३. एकदाच झालेला नफा वेगळा काढा. जमीन विकली, जुना कर परत मिळाला, असली कमाई दरवर्षी येत नाही. वार्षिक अहवालात ती ‘अपवादात्मक बाबी’ या नावाखाली वेगळी दाखवलेली असते.

४. कर्ज वेगळं तपासा. नारंड्याचा कारखाना मुरली इंडस्ट्रीजचा होता, तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून दालमियाकडे गेला. चक्राच्या तळाशी कर्जाचे हप्ते भरता आले नाहीत तर पुढची तेजी पाहायला कंपनीच उरत नाही. सरासरी नफा हे सांगत नाही.

५. निर्देशांकाची मालिका एकच ठेवा. आधारवर्ष बदललं की जुने आणि नवे आकडे तसेच एकाखाली एक लिहू नका, जोडगुणक लावून एकाच पायावर आणा.

ईपीएसचे जुने आकडे कंपनीच्या वार्षिक अहवालांत किंवा स्क्रीनरसारख्या साइटवर मिळतात. निर्देशांक केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर असतो.

हा आकडा काय सांगत नाही?

कधी घ्यायचं आणि कधी विकायचं, हे केप सांगत नाही. डिसेंबर १९९६ मध्येच शिलर आणि कॅम्पबेल यांनी अमेरिकी बाजार महाग असल्याचं तिथल्या मध्यवर्ती बँकेसमोर मांडलं होतं. बाजार त्यानंतरही तीन वर्षांहून जास्त काळ चढत राहिला आणि दुपटीवर गेला. कोसळला तो २००० नंतर. महाग शेअर आणखी महाग होऊ शकतो, स्वस्त शेअर वर्षानुवर्षं पडून राहू शकतो.

शिवाय कंपनी खरोखर मोठी झाली असेल, तर दहा वर्षांपूर्वीच्या छोट्या नफ्यामुळे सरासरी उगाच खाली ओढली जाते. आपल्या तक्त्यातल्या कंपनीने खर्च कायमचा कमी केला असेल तर ६० रुपयांतला काही भाग टिकेलही. म्हणून साडेअठरा आकडा आला की निकाल लागला असं नाही. तिथून एक प्रश्न सुरू होतो : हे ६० रुपये पुढेही येत राहतील असं मानायला काय आधार आहे?

मामांना मी हाच प्रश्न विचारला. त्यांच्या कंपनीचा खरा तक्ता आम्ही दोघांनी ओसरीवर बसून भरला, आकडे त्यांनी वाचले, मी टाकले. उत्तर एकवीसच्या जवळ आलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, “म्हणजे हा दहा हजाराच्या कापसाचा ठेका होऊन राहिला होता.”

अर्धे पैसे त्यांनी त्या शेअरमध्ये घातले नाहीत. बहुतेक रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली, आणि सिमेंटसाठी थोडी रक्कम बाजूला काढून तो तक्ता फोनमध्ये ठेवून दिला. आता दर वर्षी निकाल लागला की एक ओळ वाढवायला मला फोन येतो.