दांडा काढावा की ठेवावा? खडकावरची जीप आणि वळणावरची जीप

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेवाडा पर्वतराजीत, रुबिकन ट्रेल नावाची एक वाट आहे. वाट म्हणायचे ते नावापुरतेच. सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा बराचसा भाग ग्रॅनाइटच्या धोंड्यांनी भरलेला आहे. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या जीपसारख्या गाड्या येथे माणसाच्या चालीने, कधी त्याहूनही हळू, खडकांवरून चढवल्या-उतरवल्या जातात. अशा वाटेला लागण्यापूर्वी अनेक चालक गाडी थांबवतात, पुढच्या चाकांजवळ वाकतात आणि दोन पिना काढून एक पोलादी दांडा चाकांपासून सोडवतात. परतताना डांबरी रस्ता लागला की तो पुन्हा जोडतात. काहीजण मात्र ही रोजची कटकट नको म्हणून दांडा कायमचाच काढून टाकतात. वर, दांडा काढल्यापासून खराब रस्त्यावर गाडी अधिक मऊ चालते असेही सांगतात.

त्यांचे म्हणणे खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे डांबरी रस्त्यावरच्या एखाद्या वळणावर, अचानक समोर काही आडवे आले म्हणजे कळते, आणि तेव्हा ते शिकायला फार उशीर झालेला असतो. हा दांडा करतो तरी काय, आणि तो काढल्याने काय मिळते व काय जाते, हे आपण शाळेतल्या यंत्रशास्त्राच्या आधारे पाहू या.

दांड्याचे काम

या दांड्याला स्टॅबिलायझर बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात. अमेरिकेत स्वे बार हे नाव रूढ आहे. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना अशा रचनेचे पेटंट १९१९ साली मिळाले. आज बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना तो असतोच. जवळच्या गॅरेजमध्ये एखादी मोटार लिफ्टवर चढवलेली असेल, तर विद्यार्थ्यांना तो सहज दाखवता येईल.

स्प्रिंगच्या पोलादाचा हा दांडा इंग्रजी यू अक्षराप्रमाणे वाकवलेला असतो. त्याचा मधला आडवा भाग गाडीच्या सांगाड्याखाली रबरी बुशांमध्ये बसवलेला असतो. या बुशांत तो फिरू शकतो. त्याच्या दोन बाहूंची टोके लहान जोडदांड्यांनी डाव्या आणि उजव्या चाकाच्या आधाराला जोडलेली असतात.

त्याचे कार्य समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची जाड तार घ्या. तिच्यावर शीतपेयाच्या नळीचे दोन तुकडे ओवा. मग दोन्ही टोकांकडचा १०-१० सेंटिमीटर भाग एकाच दिशेला काटकोनात वाकवा. नळीचे तुकडे चिकटपट्टीने टेबलाच्या कडेशी असे पक्के करा, की तारेचे दोन्ही बाहू कडेबाहेर येतील. आता दोन्ही बाहू एकदम वर उचला. तार नळ्यांत नुसती फिरते, विरोध करत नाही. नंतर एकच बाहू उचला. दुसराही त्याच्यामागे वर येतो. दुसरा बाहू बोटाने दाबून धरून पहिला उचलला तर तारेला पीळ बसतो आणि बोटांना जोर जाणवतो.

दांड्याचे सारे मर्म या प्रयोगात आहे. गतिरोधकावरून जाताना दोन्ही चाके एकदम वर येतात, तेव्हा दांडा असून नसल्यासारखा असतो. एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले, की मात्र तो दोघांना एका पातळीत आणू पाहतो. पिळाला होणारा विरोध दांड्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर १.१ चा चौथा घात, म्हणजे सुमारे १.४६ पट ताठरपणा मिळतो. म्हणून थोडा जाड दांडाही गाडीचा स्वभाव बराच बदलतो.

वळणावर काय घडते?

समजा, एका जीपचे वस्तुमान २००० किलोग्रॅम आहे. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७ मीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १.६ मीटर आहे. ती ताशी ५० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर वेगाने, ५० मीटर त्रिज्येच्या डावीकडच्या वळणावर आहे. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की अभिकेंद्री त्वरण मिळते. ते येथे सुमारे ३.८६ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. त्यासाठी लागणारे सुमारे ७७०० न्यूटन बल रस्ता टायरांना देतो, म्हणजे ते जमिनीलगत लागते. गुरुत्वमध्य मात्र ०.७ मीटर वर आहे. त्यामुळे गाडी बाहेरच्या बाजूला उलटू पाहते आणि डाव्या चाकांवरचा काही भार उजव्या चाकांवर जातो. हा भार काढण्यासाठी बलाला उंचीने गुणायचे आणि चाकांमधल्या अंतराने भागायचे. उत्तर सुमारे ३३८० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३४५ किलोग्रॅम-भार येते. सरळ रस्त्यावर प्रत्येक बाजूवर १००० किलोग्रॅम-भार होता. आता बाहेरच्या बाजूवर १३४५ आणि आतल्या बाजूवर ६५५ झाला.

या गणितात स्प्रिंगांचा वा दांड्याचा उल्लेख कुठेच आला नाही, हे ध्यानात घ्यावे. दांड्यामुळे हा भार सरकायचा थांबतो असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. दांडा दोन वेगळी कामे करतो.

पहिले काम म्हणजे गाडीचे अंग कमी कलू देणे. उंच आणि मऊ स्प्रिंगांची गाडी दांड्याशिवाय बरीच कलते. कलताना गुरुत्वमध्य बाहेर सरकतो. ज्या आसाभोवती अंग कलते तिच्यापासून गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच असेल आणि कल ८ अंश असेल, तर तो सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. आपल्या जीपमध्ये त्यासाठी मुळात ८० सेंटिमीटरचाच वाव होता. तो ७३ वर आला. शिवाय कललेले अंग लगेच सावरत नाही. आधी डावीकडे आणि लगेच उजवीकडे चक्र फिरवावे लागले, तर ते झोपाळ्यासारखे एका बाजूकडून दुसरीकडे झोकांडते.

दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. सरकणाऱ्या भारापैकी पुढच्या चाकांच्या जोडीने किती उचलावा आणि मागच्या जोडीने किती, याची वाटणी दांडा ठरवतो. ज्या जोडीला दांडा अधिक ताठ, तिच्या बाहेरच्या चाकावर अधिक भार पडतो. टायरची पकड मात्र भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. म्हणजे एका चाकावर फार आणि दुसऱ्यावर थोडा भार असला, की त्या जोडीची एकूण पकड घटते.

मोटारींचे अभियंते सहसा पुढची पकड आधी सुटेल अशी योजना करतात. असे झाले तर गाडी वळणावर थोडी सरळ जाऊ पाहते आणि चालकाने वेग कमी केला की बहुधा सावरते. पुढचा दांडा काढून मागचा तसाच ठेवला, तर भाराची वाटणी मागच्या चाकांकडे झुकते. मागची पकड आधी सुटण्याचा धोका वाढतो आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. ही स्थिती सावरणे सामान्य चालकाला फार कठीण जाते.

उंच गाड्यांना मुळातच सवलत कमी असते. चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले, की स्थैर्याचा एक अंक मिळतो. आपल्या जीपसाठी तो सुमारे १.१४ आहे. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था २००१ सालच्या मॉडेलांपासून गाडी उलटण्याच्या धोक्याचे गुणांकन करताना हाच अंक वापरू लागली. बहुतेक मोटारींसाठी तो १.३ ते १.५ असतो, तर उंच गाड्यांसाठी १.० ते १.३.

खडकावर काय घडते?

आता तीच जीप रुबिकनच्या खडकांवर आणू. पुढचे उजवे चाक धोंड्यावर चढले आहे आणि डाव्या चाकाखाली खळगा आहे. डाव्या चाकाने खाली जाऊन जमीन गाठायला हवी. पण दांडा पिळतो आणि उजव्याबरोबर डाव्यालाही वर खेचतो. डाव्या चाकावरचा भार कमी होतो. कधी ते अधांतरीच राहते.

अधांतरी चाक म्हणजे अडचण. साधे डिफरन्शियल आसाच्या दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. हवेतल्या चाकाला फिरायला जवळजवळ काहीच विरोध नसल्याने त्याला थोडाच पीळ मिळतो. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. एक चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय असली तर ही अडचण सुटते, पण तीन चाकांवर तोललेली गाडी एकदम चौथ्यावर आदळण्याचा धोका उरतोच. दांडा सोडवला, की दोन्ही चाके जमिनीचा चढउतार मोकळेपणाने अनुसरतात आणि वरचे अंग कमी हेलकावते. गाडी मऊ चालते म्हणतात ते यामुळे. अपवाद आडव्या उतारावरच्या वाटेचा. तेथे दांड्याविना अंग उताराकडे अधिक कलते.

वेगाची कसोटी

मग दांड्याचा दोष कोणता? एवढाच, की एक चाक वर आणि दुसरे खाली गेले ते अंग कलल्यामुळे की जमीनच तशी आहे म्हणून, हे त्याला ओळखता येत नाही. दोन्ही वेळी तो एकच उत्तर देतो. वळणावर ते बरोबर ठरते, खडकावर चूक.

यातून वाट काढायची तर हा फरक दुसऱ्या कोणी तरी ओळखायला हवा. पिना काढणारा चालक हेच करतो. २००७ सालच्या जीप रँग्लर रुबिकनमध्ये दांड्याचे दोन भाग बटण दाबून एकमेकांपासून सोडवण्याची सोय आली. वेग ताशी सुमारे २९ किलोमीटरच्या वर गेला की ते आपोआप पुन्हा जोडले जातात. हा आकडा अर्थपूर्ण आहे. सरकणारा भार वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आपल्या वळणावर ताशी २५ किलोमीटर वेगाला तो ३४५ च्या चौथा हिस्सा, म्हणजे ८६ किलोग्रॅम-भारच असतो. हळू चालताना दांड्याची फारशी गरज नसते, ती अशी. २०२१ सालच्या फोर्ड ब्रॉन्कोमध्ये तर दांडा पिळलेला असतानाही सोडवता येतो.

ऑस्ट्रेलियातील कायनेटिक या कंपनीची युक्ती याहून वेगळी आहे. टोयोटाने ती २००७ सालच्या लँड क्रूझर २०० मध्ये दिली. वळणावर पुढचे आणि मागचे अंग एकाच बाजूला कलते. खडकावर मात्र पुढे उजवे चाक वर असेल, तर मागे बहुधा डावे वर असते. पुढच्या आणि मागच्या दांड्यांना जोडलेल्या नळ्यांतले तेल पहिल्या स्थितीत अडून राहते आणि दांडे काम करतात. दुसऱ्या स्थितीत ते वाहते आणि दांडे मोकळे होतात. म्हणजे फरक ओळखण्याचे काम तेलाचा दाबच करतो.

कायमचा काढलेला दांडा मात्र यांतले काहीच करत नाही. खडकांची वाट संपते, पण घरी परतण्याचा रस्ता डांबरीच असतो, आणि त्यावर आपल्याबरोबर इतर माणसेही असतात. म्हणून दांडा सोडवावा, काढून टाकू नये. आणि रस्त्याला लागण्यापूर्वी आठवणीने जोडावा, असेच आम्ही म्हणू.

वर्गात विचारण्यासाठी

१. दांड्याचा व्यास २० टक्क्यांनी वाढवला तर ताठरपणा किती पट होईल?

२. वरील जीपच्या टपावर सामान लादल्याने गुरुत्वमध्य ०.८ मीटर उंचीवर गेला. स्थैर्याचा अंक किती होईल?

३. चाकांची लवचीकता मोजण्यासाठी एक पुढचे चाक २० अंशांच्या उतरंडीवर चढवतात. दुसरे कोणतेही चाक उचलले जाण्यापूर्वी ते उतरंडीवर जेवढे अंतर जाते, त्याला पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराने भागून १००० ने गुणतात. हे चाकांमधले अंतर २.४ मीटर असलेली गाडी १.२ मीटर चढली, तर तिचा अंक किती? चाक जमिनीपासून किती उंच गेले? दांडा सोडवल्यावर हा अंक वाढेल की घटेल, आणि का?