बेलमॉन्टच्या भिंती

सिनसिनाटीत आज टॅफ्ट कलासंग्रहालय आहे, तो १८५०च्या सुमारास बेलमॉन्ट नावाचा वाडा होता. मालक निकोलस लाँगवर्थ वकिली, जमिनींचे व्यवहार आणि कटॉबा द्राक्षांची वाइन यांवर गब्बर झालेला. प्रवेशदालनाच्या भिंती रंगवायचे काम त्याने रॉबर्ट डंकनसन (१८२१–१८७२) या कृष्णवर्णीय चित्रकाराला दिले. डंकनसन घरे रंगवण्याच्या धंद्यातून स्वतःच शिकत पुढे आला होता. नदीपलीकडच्या केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती आणि खुद्द सिनसिनाटीत १८४१ मध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांवर हल्ले केले होते. अशा गावात हे काम म्हणजे एका धनिकाने केलेले उपकार, असे म्हणून मोकळे होता येते. मला ते पटत नाही, कारण भिंती वेगळेच सांगतात. माणसाहून उंच अशा आठ निसर्गचित्रांभोवतीच्या कोरीव चौकटीसुद्धा डंकनसनने रंगानेच उठवल्या आहेत. सांगितली होती सजावट, त्याने उभे केले चित्रदालन. आणि वाड्यावर येणारा प्रत्येक बडा पाहुणा तिथूनच आत जाणार होता.

मग असा धीट माणूस डोंगर-झऱ्यांतच का रमला, गुलामगिरीवर का बोलला नाही, असा आक्षेप येतो. तो बोलला होता. डेट्रॉइटमधल्या एका गुलामगिरीविरोधी संपादकाच्या सांगण्यावरून १८५३ मध्ये त्याने ‘अंकल टॉम अँड लिटल ईव्हा’ काढले. पण ते १८५१च्या ‘ब्लू होल’ या त्याच्याच निसर्गचित्राच्या पासंगालाही पुरत नाही. त्याच्या प्रत्येक नदीत सुटकेची वाट शोधणारे अभ्यासकही आहेत. तेवढ्या ताणाची गरज नाही. गोरे निसर्गचित्रकार ज्या विषयावर आपला हक्क मानत, त्यात त्यांच्या तोडीचे काम करणे, हेच त्या काळात पुरेसे बोलके होते.

खरा आक्षेप मालकीचा आहे. भिंतीवरचे चित्र घरमालकाचे, आणि घर हात बदलते. लाँगवर्थनंतर ही चित्रे भिंतीवर चिकटवलेल्या कागदाखाली गेली आणि १९३२ मध्ये संग्रहालय उघडले त्या सुमारास पुन्हा उजेडात आली. हे मान्य करावेच लागते. पण डंकनसन एका आश्रयदात्यावर विसंबून राहिलाच नाही. १८५८ मध्ये त्याने लाँगवर्थचे भव्य व्यक्तिचित्र काढले खरे, तरी यादवी युद्ध पेटलेले असताना, १८६३ मध्ये तो माँट्रियलला गेला आणि तिथून ब्रिटनला. ‘लँड ऑफ द लोटस ईटर्स’सारखे कॅनव्हास त्याला सोबत नेता आले. स्कॉटलंडच्या लॉक कॅट्रिनचे १८७१ मधले ‘एलन्स आइल’ तर त्याने गुलामगिरीचे कट्टर विरोधक सिनेटर चार्ल्स समनर यांना भेट म्हणून दिले.